मामा, तीस सेकंद तरी ऐक

आमच्या घराण्यात आजवर कुणी सूर लावलेला नव्हता. भाच्याने गिटार घेतली तेव्हा वाटलं, चला, डाग पुसला. पण हा सूर लावत नाही, उतरवतो. तारा सैल केल्या की गाण्याला वजन येतं म्हणे. याला इतिहासही आहे. ब्लॅक सॅबथ या इंग्लंडच्या हेवी मेटल बँडचे गिटारवाले टोनी आयोमी, त्यांच्या दोन बोटांची टोकं तरुणपणी कारखान्यात तुटली. दुखऱ्या बोटांना सोसवेना, म्हणून पुढे त्यांनी तारा सैल केल्या. आमच्या चिरंजीवांची दहाही बोटं शाबूत आहेत. मी हे एकदा बोलून दाखवलं, तर त्याच्या आईनेच माझ्याशी दोन दिवस अबोला धरला.

दर सात-आठ महिन्यांनी गुरुवारी रात्री त्याचा फोन येतो. "मामा, उद्या येतंय!" २०१५च्या १० जुलैपासून जगभर नवी गाणी शुक्रवारी बाहेर पडतात, त्यामुळे भल्याभल्यांचं जे काही यायचं ते ज्या मध्यरात्री येतं, त्याच मुहूर्तावर याचंही. ऐन भरतीच्या वेळी समुद्रात तांब्याभर पाणी ओतून यावं, तसं.

शनिवारी दुसरा फोन. "ऐकलंस का?" असं तो विचारत नाही. "किती सेकंद ऐकलंस?" असं विचारतो. स्पॉटिफायवर किमान तीस सेकंद ऐकलं, तरच ते मोजलं जातं. आणि याच्या गाण्यात पहिली पन्नास सेकंद नुसता पाऊस पडतो. मग कुठेतरी एक घंटा वाजते. मी आपला पाऊस असतानाच बाहेर पडायचो.

पुढची परीक्षा तोंडी. मी एकदा भाबडेपणाने "हेवी मेटल झकास झालंय" म्हणालो. बडा ख्याल आळवणाऱ्या बुवांना "भावगीत गोड म्हटलंत हो" म्हटल्यावर ते जसे बघतील, तसा तो बघत राहिला. ते डेथ मेटल होतं, म्हणजे मेटलचीच गुरगुरणारी, जास्त उग्र शाखा. त्यातही मेलोडिक, म्हणजे सुरेल. चूक सावरायला मी बास गिटारची तारीफ केली. त्यांच्याकडे बासवाला नाही. ड्रमरही अर्धाच आहे, म्हणजे माणूस पूर्ण आहे, पण तो आणखी तीन बँडांत वाजवतो, त्यामुळे याच्या वाट्याला महिन्यातून दोन रविवार येतात. "ब्लॅक सॅबथने पहिला अल्बम एका दिवसात रेकॉर्ड केला, १९७०च्या १३ फेब्रुवारीला तो आला, तोही शुक्रवारीच! तुम्हाला चार गाण्यांना अडीच वर्षं?" मी अभ्यास करून आल्यासारखं विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "त्यांच्याकडे ड्रमर होता."

त्यांचा गायक मात्र गुणी मुलगा. दारातून "आत येऊ का?" विचारतो, तेही दोनदा विचारावं लागतं, पहिल्यांदा ऐकूच येत नाही. माइकसमोर हाच पोरगा विहिरीत म्हैस पडल्यासारखा आवाज काढतो. मुख्य स्वरतंतूंच्या वर कातडीच्या आणखी दोन घड्या असतात, त्यांना खोटे स्वरतंतू म्हणतात, त्या थरथरवून ही गुरगुर निघते. मी गाण्याचे शब्द मागवून वाचले. तो एवढा जीव तोडून जे ओरडत होता ते म्हणजे, मला रात्री झोप येत नाही. शेजाऱ्यांनाही येत नसणार.

खरं संकट गेल्या महिन्यात आलं. २०२४पासून स्पॉटिफायचा नियम असा की, गेल्या बारा महिन्यांत गाणं किमान हजार वेळा वाजलं नसेल तर त्याची दमडीही मिळत नाही. भाचा ९६१वर अडकला होता. सगळं गणगोत कामाला लागलं. बहिणीने आवाज बंद करून रात्रभर तेच एक गाणं फिरवत ठेवायचं ठरवलं, तेव्हा तो किंचाळला. अशी बनावट वाजवणूक पकडली गेली तर मोजदाद रद्द होते. "मनापासून ऐका!" असा हुकूम सुटला.

मी ऐकलं. खरंच ऐकलं. त्याने पाठवलेला दुवा कुटुंबाच्या ग्रुपवर सुप्रभातांखाली गाडला गेला होता आणि बँडचं नाव मला आजतागायत वाचता आलेलं नाही. त्यांचं बोधचिन्ह उपटलेल्या झाडाच्या मुळांसारखं दिसतं. तेव्हा मुळं बघून शोधलं. पाऊस नव्हता, घंटा नव्हती, थेट सुरुवात. मला ते आवडलं, हे इथे नमूद करतो. रोज सकाळी दाढी करताना एकदा, संध्याकाळी एकदा. मधल्या संथ तुकड्यावर तर मी मान हलवू लागलो. एका रविवारी मी भाच्याला आपण होऊन फोन केला आणि त्या तुकड्याचं तोंडभरून कौतुक केलं.

पलीकडे बराच वेळ शांतता.

"मामा," तो म्हणाला, "आमच्या गाण्यात संथ तुकडा नाहीये. आणि आकडा अजून ९७४वरच आहे."

आता कुणाच्या तरी घरी कुणाचा तरी मामा हजारावर पोचल्याचे पेढे वाटत असेल. त्या बँडचं नावही मला वाचता येत नाही.