वेल्श भाषा मेलीच नव्हती, मग जिवंत कुणी केली?

"वेल्स या इंग्लंडमधल्या छोट्या जिल्ह्यात १९०० सालापर्यंत मातृभाषा मेली होती. सरकारने एक कायदा केला आणि वीस वर्षांत सगळा प्रदेश पुन्हा वेल्श बोलू लागला. मराठीलाही असा एकच कायदा हवा. अभिमानाने पुढे पाठवा." याला शेपटासारखे आणखी चार 'माहीत आहे का?' जोडलेले: वेल्शमध्ये स्वरच नाहीत, ती संस्कृतची लेक आहे, जगप्रसिद्ध लांबलचक नावाचं गाव तिथे हजारो वर्षं त्याच नावाने नांदतंय, आणि मायक्रोवेव्हला तिथे 'पॉप्टी पिंग' म्हणतात. गटागटांतून फिरत हा मजकूर मराठी शाळेत शिकवणाऱ्या मावशीपर्यंत पोहोचला आणि ती तो पालकसभेत वाचून दाखवणार आहे. म्हणून हे उत्तर. संदेशाच्या क्रमाने जात नाही, सगळ्यांत घातक मुद्दा आधी घेतो.

"१९०० पर्यंत मेली होती." १९०१च्या जनगणनेत वेल्समधली जवळपास निम्मी माणसं वेल्श बोलत होती. १९११ मध्ये हा आकडा ९ लाख ७७ हजारांवर गेला. इतके वेल्श भाषक जनगणनेत ना त्याआधी नोंदले गेले, ना त्यानंतर. मयताची तारीख निदान भाषा ऐन भरात असतानाची तरी धरू नये.

घसरण झाली ती त्यानंतर. १९८१ पर्यंत प्रमाण १९ टक्क्यांखाली आलं. २००१ मध्ये ते २०.८वर चढलं, २०११ मध्ये १९वर उतरलं आणि २०२१ मध्ये १७.८वर आलं, म्हणजे सुमारे ३१ लाख वस्तीत ५ लाख ३८ हजार भाषक. संदेशातला "सगळा प्रदेश" हा असा पाच-सहा माणसांत एक आहे. ग्विनेद परगण्यात मात्र आजही ६४ टक्के लोक वेल्श बोलतात. तिथे भाषा कुणी जिवंत केली नाही, ती कधी गेलीच नव्हती.

आता कायदे. एक नव्हे, तीन मोठे: १९६७, १९९३ आणि २०११. पहिल्याने कोर्टात वेल्श बोलायचा हक्क मोकळा केला, दुसऱ्याने सरकारी कारभारात तिला इंग्रजीच्या बरोबरीने वागवायला लावलं, तिसऱ्याने अधिकृत दर्जा दिला. हे कायदे वरच्या टक्केवारीशेजारी ठेवून बघा. अधिकृत दर्जा २०११चा, आणि त्यानंतरच्या पहिल्याच जनगणनेत भाषक सुमारे २४ हजारांनी कमी. ५ ते १५ वयाच्या मुलांमध्ये तर प्रमाण ४०.३वरून ३४.३वर आलं. कायदा हे एकमेव औषध असतं तर आकडे उलटे दिसले असते.

इथे एक पुस्ती जोडणं भाग आहे. ती जनगणना मार्च २०२१ची, कोविडचा काळ. शाळा बराच काळ बंद होत्या आणि लहान मुलांचा रकाना पालक भरतात. घरात इंग्रजी, वेल्श फक्त शाळेत, असं मूल वर्षभर वेल्श बोलताना ऐकूच आलं नाही, तर बाप 'नाही' वर खूण करतो. सरकारच्याच दुसऱ्या एका नमुना सर्वेक्षणात भाषक ८ लाखांच्या वर दिसतात. पण 'वीस वर्षांत सगळे' हे कोणत्याच मोजपट्टीत बसत नाही.

मग भाषा टिकली कशावर? इंग्लंडच्या राजाच्या १५३६च्या कायद्याने वेल्श बोलणाऱ्याला सरकारी पदाची दारं बंद केली. गंमत म्हणजे त्याच राजसत्तेने १५६३ मध्ये बायबलचं वेल्श भाषांतर करायचा हुकूम काढला, कारण प्रजेला नवा प्रॉटेस्टंट धर्म इंग्रजीतून कळत नव्हता. विल्यम मॉर्गनचं संपूर्ण बायबल १५८८ मध्ये आलं. दरबार गेला, कचेरी गेली, पण दर रविवारी मोठ्याने वाचायची एक प्रमाण भाषा गावोगाव राहिली. अठराव्या शतकात ग्रिफिथ जोन्स या पाद्र्याने फिरत्या शाळा काढल्या. हिवाळ्यात शेतीची कामं थंडावली की मास्तर एका गावात सुमारे तीन महिने मुक्काम करायचा, पोरांना आणि थोरांनाही वेल्श वाचायला शिकवायचा आणि पुढच्या गावी जायचा. इमारत नाही, दाखला नाही, कायदाही नाही.

विसाव्या शतकातलं एक उदाहरण पालकसभेत सांगण्याजोगं आहे. ल्लान्गेनेख गावातल्या आयलीन आणि ट्रेव्हर बीझली या जोडप्याने १९५२ मध्ये ग्रामीण परिषदेला कळवलं, की घरपट्टीचं बिल वेल्शमध्ये द्या, तरच भरू. परिसर वेल्श, परिषदेचे सदस्य आणि कारकूनही वेल्श बोलणारे, तरी बिल इंग्रजीतच. त्यांनी भरलं नाही. डझनाहून जास्त वेळा कोर्टाची पायरी चढावी लागली, जप्तीवाले येऊन घरातलं सामान उचलून नेत राहिले. द्विभाषिक बिल मिळालं १९६० मध्ये. आठ वर्षं, एका कागदासाठी. १९६७चा पहिला कायदा अशा भांडणांच्या मागून आला, पुढून नाही. शाळांचंही तेच: वेल्श माध्यमाची पहिली प्राथमिक शाळा १९३९ मध्ये ॲबरिस्टविथला खासगीरीत्या निघाली, सात मुलांवर. वेल्श वाहिनी १९८२ मध्ये सुरू झाली. सरकार दिलेल्या शब्दावरून फिरलं होतं, तेव्हा ग्विन्व्होर एव्हान्स या नेत्याने प्राणांतिक उपोषणाचा इशारा दिला. तेव्हा कुठे सरकार नमलं.

कायद्याने काहीच झालं नाही असं म्हणत नाही. वेल्श हा विषय शाळांत सक्तीचा झाल्याचा हात २००१च्या चढावामागे आहे, हे नाइलाजाने मान्य. पण विषय म्हणून शिकलेली भाषा आणि घरात बोलली जाणारी भाषा यांत केवढं अंतर असतं, हे दहावीला संस्कृतात शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मिळवलेल्या कुणालाही विचारा. कायद्याने पाटी लागते. २००८ मध्ये स्वान्सीत रस्त्यावर अशीच एक द्विभाषिक पाटी लागली. इंग्रजीत लिहिलं होतं, अवजड वाहनांना प्रवेश नाही. खाली वेल्शमध्ये लिहिलं होतं, "मी सध्या कार्यालयात नाही. भाषांतराचं काम पाठवून ठेवा." भाषांतरकाराकडून ईमेलला आलेलं आपोआपचं उत्तर कुणीतरी भाषांतर समजून थेट रंगवून घेतलं होतं. नियम तंतोतंत पाळला गेला, फक्त वाटेतल्या एकालाही वेल्श येत नव्हतं.

बाकीचे मुद्दे भराभर.

वेल्स हा जिल्हा नाही. युनायटेड किंग्डममधला तो एक घटक देश आहे, राजधानी कार्डिफ, १९९९ पासून स्वतःचं विधिमंडळ. ब्रिटिश झेंड्यात वेल्सची खूण नाही, कारण तो बनला तेव्हा कायद्याने वेल्स इंग्लंडला जोडलेलं होतं. गोंधळाचं मूळ बहुधा तिथे असावं.

स्वर नाहीत? इंग्रजीत पाच अक्षरं स्वरांची, वेल्शमध्ये सात. डब्ल्यू हा तिथे 'उ' किंवा 'ऊ' आहे आणि वाय 'अ' किंवा 'इ'. सी-डब्ल्यू-एम हे इंग्रजी डोळ्याला तीन व्यंजनं दिसतात, वेल्श माणूस सरळ 'कुम' वाचतो, म्हणजे दरी. खरी अडचण जोड-एलची आहे. 'ल' म्हणताना जीभ जिथे टेकते तिथेच टेकवून ठेवा, घशातून आवाज अजिबात काढू नका, आणि नुसता श्वास जिभेच्या कडांवरून सोडा. चुकतं ते असं, की लोक घाईने आधी 'क' किंवा 'थ' लावतात आणि 'क्लान' किंवा 'थ्लान' होऊन बसतं. जीभ आधी, हवा नंतर, एवढंच सांभाळायचं.

संस्कृतची लेक? लेक नाही, लांबची चुलत बहीण. नऊला 'नाऊ', तीनला 'त्री', सातला 'साइथ' हे साम्य खरं आहे आणि योगायोगाचं नाही. पण दहाला वेल्शमध्ये 'डेग' आणि संस्कृतात 'दश'. मूळ ध्वनी 'क' होता, लॅटिनमध्ये तो 'क' राहिला, संस्कृतात त्याचा 'श' झाला, वेल्शमध्ये 'ग'. 'श' मधून पुन्हा 'ग' निघत नाही, म्हणजे वेल्शची वाट संस्कृतच्या घरातून गेलेलीच नाही. दोघींची आजी एक. हे नातं १७८६ मध्ये कोलकात्यात सर विल्यम जोन्सने सुचवलं होतं आणि केल्टिकचं, म्हणजे वेल्श ज्या भाषागटातली त्याचं, नाव त्याने जरा दबकतच घेतलं होतं. त्याचे वडील वेल्समधल्या अँगलसी बेटावरचे, गणितातलं 'पाय' हे चिन्ह १७०६ मध्ये त्या अर्थाने पहिल्यांदा वापरणारे. भारताशी नातंच हवं असेल तर मेघालयात बघा. १८४१ मध्ये सोहराला, म्हणजे चेरापुंजीला, आलेल्या टॉमस जोन्स या वेल्श मिशनऱ्याने खासी भाषा रोमन लिपीत बसवली. खासी वर्णमालेत आजही 'जी'नंतर 'एन-जी' हे जोडाक्षर येतं, थेट वेल्श वर्णमालेच्या क्रमाने.

लांब नावाचं गाव त्याच अँगलसीवर आहे. अठ्ठावन्न रोमन अक्षरं, वेल्श पद्धतीने मोजली तर एक्कावन्न, कारण जोड-एल आणि सी-एच ही तिथे एकेक अक्षरं. नाव हजारो वर्षांचं नाही, १८६०च्या दशकातलं आहे. रेल्वे आली, स्टेशनावर प्रवासी उतरावेत म्हणून जुन्या छोट्या नावाला भोवरा, दुसरं एक चर्च आणि लाल गुहा जोडून दिली. गावकरी स्वतः 'ल्लान्व्हायरपुल्ल' एवढ्यावर थांबतात.

आणि 'पॉप्टी पिंग'. पॉप्टी म्हणजे भट्टी, पिंग म्हणजे पिंग. ही थट्टा आहे, वेल्श लोकही ती मजेत करतात. फ्रिजशेजारच्या त्या पेटीचा शब्दकोशातला शब्द 'मायक्रोडॉन', त्यातला 'डॉन' म्हणजे लाट, मूळ 'टॉन'. तिथला संगणकाचा शब्दही बघून ठेवा: 'कव्रिव्यादिर'. 'कव्रिव्' म्हणजे मोजणं, गणना करणं. आपण 'संगणक' घडवला तो याच धाटणीने, आणि दोघांनी एकमेकांना विचारलं नव्हतं.