जुगाराला मंदी नसते? वेगासचे आकडे बघा

‘मंदी असो की तेजी, जुगाराच्या धंद्याला मरण नाही. उलट खिसे रिकामे झाले की लोक जास्तच खेळतात. म्हणून कॅसिनोचे शेअर घेऊन ठेवा.’ बाजार पडला की अशा अर्थाचा मजकूर हमखास फिरायला लागतो. त्यातलं एकेक वाक्य तपासू.

‘धंद्याला मरण नाही.’ अमेरिकेतल्या लास वेगासच्या ‘स्ट्रिप’वरच्या, म्हणजे बड्या कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावरच्या कॅसिनोंनी २००८ च्या मंदीआधी, २००७ साली, गिऱ्हाइकांकडून जिंकलेली रक्कम होती सुमारे ६८३ कोटी डॉलर. २००९ साली ती ५५५ कोटींवर आली, म्हणजे जवळपास १९ टक्के घट. गंमत पुढे आहे. या दोन वर्षांत वेगासला येणारी माणसं ३ कोटी ९२ लाखांवरून ३ कोटी ६४ लाखांवर आली, जेमतेम ७ टक्के कमी. हॉटेलवाल्यांनी खोल्यांचं सरासरी भाडं १३२ डॉलरवरून ९३ वर उतरवलं होतं, म्हणून लोक येत राहिले. आले, राहिले, फिरले. पण टेबलावर पैसे टाकताना हात आखडला. पोट मारून जुगार खेळणारे असतातच, पण धंदा त्यांच्या एकट्यांवर चालत नाही.

‘खिसे रिकामे झाले की जास्त खेळतात.’ यात थोडं तथ्य आहे, आणि म्हणूनच हा दावा पटकन पटतो. ऑक्टोबर २००८ मध्ये आइसलँडच्या बँका बुडाल्या. तिथल्या संशोधकांनी आधीच्या आणि नंतरच्या पाहण्या ताडून पाहिल्या, तेव्हा लोट्टो (आकड्यांची लॉटरी) आणि स्क्रॅच कार्ड (खरवडून बक्षीस बघायचं तिकीट) घेणारे वाढलेले दिसले. जुगाराच्या मशीनवर खेळणारे मात्र घटले होते. मशीन बसल्या जागी पगार गिळतं. तिकिटाचे पैसे एकदाच जातात आणि सोडतीपर्यंत आशा टिकते. म्हणजे लोक स्वस्तातल्या खेळाकडे सरकले. त्यावरून ‘जुगारावरचा खर्च वाढला’ म्हणणं चूक. हो, तिकिटाची किंमत सगळ्यांना सारखीच असल्यामुळे तंगीतल्या घराच्या मिळकतीतला मोठा लचका त्यात जातो. पण तो मुद्दा वेगळा, आणि शेअरच्या टिपा देणाऱ्यांना त्याचं सोयरसुतक नाही.

आपल्याकडचं बघायचं तर गिरणगाव बघा. मटका फोफावला तो गिरण्यांचे भोंगे वाजत होते तेव्हा. दहापैकी एक आकडा लावायचा, लागला तर रुपयाला नऊ. दहावा रुपया चालवणाऱ्याचा.     आकडा लावायला आधी हातात रुपया लागतो.

राहिला शेअरचा सल्ला. लास वेगास सँड्स या बड्या कॅसिनो कंपनीचा शेअर ऑक्टोबर २००७ मध्ये १४० डॉलरच्या वर होता. मार्च २००९ मध्ये तो दोन डॉलरच्याही खाली मिळत होता.