अपघात विम्यावर कॅनडाचा सुपर व्हिसा मिळत नाही

कॅनडात स्थायिक झालेल्या मुला-नातवंडांकडे दीर्घकाळ राहता यावे म्हणून आईवडिलांना आणि आजी-आजोबांना मिळतो, तो सुपर व्हिसा. त्याच्याबद्दल मुलांकडे कॅनडाला निघालेल्या आईवडिलांमध्ये सध्या एक निरोप फिरतो आहे. ‘२०२५ पासून सुपर व्हिसासाठी कोणत्याही भारतीय कंपनीची पॉलिसी चालते, अपघात विमा असला तरी पुरे, फॉर्मवर बीपी-शुगर लिहू नका आणि व्हिसा हातात पडला की पॉलिसी रद्द करून पैसे परत घ्या,’ असा त्याचा मथितार्थ. यातले पहिले विधान अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच उरलेल्यांवर लोकांचा विश्वास बसतो.

पूर्वी सुपर व्हिसासाठी कॅनडातल्या कंपनीचाच विमा लागत असे. २८ जानेवारी २०२५ पासून परदेशी कंपनीचाही विमा ग्राह्य धरला जातो. मात्र ती कंपनी कॅनडातल्या वित्तीय संस्थांवर देखरेख करणाऱ्या ‘ऑस्फी’ (OSFI) या तिथल्या केंद्र सरकारच्या कार्यालयाच्या यादीत असावी लागते, तिला ‘अपघात व आजार’ या वर्गातला विमा विकण्याची परवानगी असावी लागते आणि पॉलिसी तिने आपल्या कॅनडातील व्यवसायाचा भाग म्हणून दिलेली असावी लागते. आपल्या नेहमीच्या एजंटाकडून घेतलेली प्रवास विमा पॉलिसी या अटींत सहसा बसत नाही. ‘अपघात विमा चालतो’ हा गैरसमजही बहुधा परवान्याच्या त्या वर्गाच्या नावावरूनच निघाला असावा.

वास्तविक व्हिसासाठी लागणारे संरक्षण किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचे, प्रवेशाच्या तारखेपासून किमान एक वर्षाचे आणि उपचार, रुग्णालयातील भरती व मायदेशी परत पाठवणी या तिन्हींसाठी असावे लागते. आपल्याकडचा वैयक्तिक अपघात विमा मुख्यतः मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास ठरलेली रक्कम देतो. वर्षाला २० रुपयांत मिळणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना याच जातीची आहे, आणि तिचे संरक्षण वयाच्या सत्तरीला संपते, म्हणजे नेमके त्या वयात, ज्या वयात अनेक आजी-आजोबा नातवंडांकडे राहायला जातात.

जानेवारीत ओन्टारियो प्रांतातल्या ब्रॅम्प्टन शहरात एखाद्या घरासमोर, केवळ ओल वाटावी अशा पारदर्शक बर्फावर पाय घसरून आजींचे खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली आणि तीन महिन्यांनी त्या काठी टेकत चालू लागल्या, असे समजा. मृत्यू नाही, कायमचे अपंगत्वही नाही; तेव्हा उपचारखर्चाचे जोडसंरक्षण (रायडर) घेतलेले नसेल तर अपघात विम्याच्या लेखी देण्यासारखे काही घडलेलेच नाही. ओन्टारियोची सरकारी आरोग्य योजना पाहुण्यांना लागू होत नसल्याने बिल मुलाच्याच गळ्यात पडते. (मोटारीची धडक बसली असेल, तर वाहनाच्या विम्यातून काही उपचारखर्च मिळू शकतो, पण वयस्कर माणसे घरात आणि अंगणातही पडतात.)

पॉलिसी रद्द करण्याच्या सल्ल्याबाबत फार लिहिण्याची गरज नाही. प्रत्येक प्रवेशाच्या वेळी विमा चालू असला पाहिजे आणि विमानतळावरचा अधिकारी तो पाहायला मागू शकतो. व्हिसा नाकारला गेल्यास हप्ता परत मिळण्याची सोय अनेक पॉलिसींत असते, त्या सोयीचाच हा विपर्यास आहे. शिवाय जुलै २०२२ पासून एका प्रवेशात सलग पाच वर्षे राहता येत असले, तरी एक वर्षाची पॉलिसी एका वर्षानेच संपते, हेही पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

सर्वांत घातक सल्ला आजार लपवण्याचा. लपवलेला आजार उघडकीला आला, तर कंपनी दावा फेटाळू शकते. उलट आजार सांगूनही संरक्षण मिळू शकते, कारण अनेक पॉलिसींत तो ठरावीक दिवस, बहुधा ९० किंवा १८०, ‘स्थिर’ असणे एवढीच अट असते. मात्र गोळीची मात्रा बदलली तरी ती स्थिरता मोडली असे धरले जाते. माझ्या आईची बीपीची गोळी निघण्याच्या सात आठवडे आधी ४० वरून ८० मिलिग्रॅमवर गेली. पॉलिसीत अट ९० दिवसांची होती. आम्ही तिकीट दीड महिना पुढे ढकलले आणि त्याचा भुर्दंड भरला.