खुलासा : घरात दोन भाषा बोलल्यामुळे मूल उशिरा बोलत नाही

सोलापुरात सध्या एक मेसेज फिरतोय: 'घरात तेलुगू-कन्नड बंद करा, फक्त मराठी बोला, नाहीतर मूल गोंधळतं आणि उशिरा बोलतं.' हा दावा चुकीचा आहे.

गफलत शब्द मोजण्यात होते. शहराच्या पूर्व भागातल्या, तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली समाजाच्या घरातलं दोन वर्षांचं मूल मराठीत पंचवीस आणि तेलुगूत तीस शब्द बोलत असेल, तर एकट्या मराठीच्या हिशेबात ते मागे दिसतं. दोन्ही याद्या एकत्र मोजा. १९९३ साली मायामीतल्या इंग्रजी-स्पॅनिश बाळांच्या अभ्यासात अशी एकत्रित बेरीज एकभाषिक बाळांच्या तोडीची निघाली. 'पालु दे' म्हणजे दूध दे, हे सरमिसळ वाक्यही दोन शब्दांची जोडणी म्हणूनच धरायचं.

उलट आजीला तेलुगू बोलायला मनाई केली की खरं नुकसान होतं. मोडक्या मराठीत ती 'ये', 'बस', 'खा' एवढंच बोलते. गोष्टी, गाणी, गप्पा थांबतात आणि मुलाच्या कानावर पडणारी भाषाच आटते. कृपा करून हे करू नका.

मात्र दोन भाषांचं निमित्त करून तपासणीही लांबवू नका. वर्षाचं झालं तरी 'बाबा-दादा' असे आवाज नाहीत, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नाही, असं असेल तर आधी ऐकण्याची तपासणी, मग वाचा-उपचारतज्ज्ञ. बोलत असलेले शब्द गळू लागले, तर कोणत्याही वयात लगेच दाखवा.