फक्त शुद्धलेखन सुधारले

विज्ञानाचे आपल्या विचारसरणीशी पटत नाही, याचे ज्यांना मनापासून दुःख होते, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पूर्वी अशा माणसाला फार सायास पडत. पदरमोड करून पुस्तिका छापावी लागे, ती लग्नामुंजीत वाटावी लागे आणि पुढे रद्दीच्या दुकानात तिच्याशी गाठ पडली तर ओळख न दाखवता पुढे जावे लागे. आता मुक्त ज्ञानकोशाच्या पानावर ‘संपादन’ नावाची कळ असते आणि ती कोणालाही दाबता येते. मात्र ती दाबायची एक रीत आहे.

सरावासाठी शिवकर बापूजी तळपदे यांचे पान घ्यावे. मुंबईच्या या गृहस्थांनी १८९५ मध्ये चौपाटीवरून विमान १,५०० फूट उंच नेले, ही कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. समजा, पानावर आज असे वाक्य आहे: ‘तळपदे यांनी १८९५ मध्ये विमान उडवल्याचे सांगितले जाते, मात्र त्याचा ठोस समकालीन पुरावा मिळालेला नाही.’ नवशिका इथे उतावीळ होतो, ‘विमानाचा शोध आम्हीच लावला’ असे ठणकावून लिहितो आणि दहा मिनिटांत त्याचे लेखन उलटवले जाते. आपण धीर धरावा. पहिल्या आठवड्यात ‘पुरावा मिळालेला नाही’ याचे ‘पुराव्यांबाबत मतभेद आहेत’ असे करावे, कारण मतभेद हा शब्द सुसंस्कृत आहे आणि मतभेद असण्यासाठी आधी पुरावे असावे लागतात, हे वाचकाच्या लक्षात येत नाही. पुढच्या महिन्यात ‘सांगितले जाते’चे ‘मानले जाते’ होऊ द्यावे. गणपतीपर्यंत ‘मात्र’पासूनचा भाग पानाच्या तळाशी न्यावा, आणि दिवाळीच्या गडबडीत ‘मानले जाते’ गळून पडून नुसते ‘उडवले’ उरले, तर ते कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. बदलाचा सारांश लिहायची जी चौकट असते, तीत प्रत्येक वेळी ‘शुद्धलेखन सुधारले’ एवढेच लिहावे. मराठी माणूस शुद्धलेखनावर संशय घेत नाही. फार तर एखाद्या वेलांटीवरून वाद घालतो, आणि तेवढ्या वेळात विमान आणखी वर जाते.

कोणी ‘संदर्भ हवा’ अशी पाटी लावली, तर रागावू नये, ती आमंत्रणपत्रिका समजावी. आपले वाक्य पानावर काही महिने टिकले, की एखादी रविवारची पुरवणी ते उचलतेच, कारण पुरवणी लिहिणाऱ्यालाही मंगळवारपर्यंत मजकूर द्यायचा असतो. मग त्या पुरवणीचा दुवा आपल्या वाक्याला जोडावा. वर्तमानपत्राने आपल्यावरून लिहिले आणि आपण वर्तमानपत्रावरून, अशी ही साखळी असून तिच्यात कोणालाही खोटे बोलावे लागत नाही, ही तिची खरी शोभा आहे.

थोडी अडचण येते ती बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेमुळे. तळपदे यांच्या विमानाच्या कथेला ज्याचा आधार दिला जातो, तो ‘वैमानिक शास्त्र’ हा ग्रंथ तिथल्या पाच जणांनी १९७४ मध्ये तपासला. भरद्वाज ऋषींच्या नावाने चालणारा हा मजकूर विसाव्या शतकात सुब्बराय शास्त्री यांनी तोंडी सांगितलेला असून १९०४ च्या मागे जात नाही, त्यातील भाषा वैदिक नाही, विमानांच्या आकृत्या बंगळुरूच्या एका आरेखकाने काढलेल्या आहेत आणि शकुन, सुंदर, रुक्म, त्रिपुर यांपैकी एकही विमान उडू शकणार नाही, असे त्यांनी लिहून ठेवले. असा अभ्यास पानावरून काढून टाकू नये, त्याने उगीच लक्ष वेधले जाते. तो तळाशी ‘टीका’ या मथळ्याखाली ठेवावा आणि आधी ‘पाश्चात्त्य दृष्टिकोनातून’ असे दोन शब्द जोडावेत. मात्र लेखकांची नावे देऊ नयेत, कारण ती मुकुंद, देशपांडे, नागेंद्र, प्रभू आणि गोविंदराजू अशी आहेत. शिवाय त्यांपैकी नागेंद्र यांनी पुढची हयात योगाच्या प्रसारात घालवली आणि २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यामुळे त्यांना म्लेच्छ ठरवताना लिहिणाऱ्याची फारच ओढाताण होते.

यानंतर तटस्थतेचा आग्रह धरावा, आणि तो चढ्या आवाजात धरावा. ज्ञानकोशाच्या नियमांत तटस्थता म्हणजे ज्या बाजूला जितका भक्कम आधार तितकी तिला जागा, असा अर्थ असतो. तो आपण वाचलेला नाही असे दाखवावे. किटी हॉकला १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचे पहिले उड्डाण १२ सेकंद टिकले आणि १२० फूट गेले, त्याचे छायाचित्र आहे. आपल्याकडे छायाचित्र नाही, पण १,५०० फूट आहेत. दोन्ही बाजू शेजारी शेजारी ठेवाव्यात, म्हणजे त्यांचे १२० फूट आपोआप कंजूष दिसू लागतात.

पुरोगामी वाचकांनी इथवर गालातल्या गालात हसत वाचले असेल, तर त्यांनाही ही कला वर्ज्य नाही. जनुकीय फेरफार केलेल्या पिकांच्या पानावर ‘अभ्यासांत अपाय आढळला नाही’ याचे ‘अपाय नसल्याचा कंपन्यांचा दावा आहे’ एवढेच करायचे असते. जालन्याच्या कंपनीने विकसित केलेल्या बीटी वांग्यावर २०१० मध्ये केंद्राने स्थगिती आणली, ती खबरदारी म्हणून; पण ‘खबरदारी’ खोडून ‘धोका’ लिहिले, की काम भागते. सारांशात तेच, शुद्धलेखन.

राहता राहिला तो एक चिकट मुलगा. प्रत्येक पानामागे असा एक असतोच. तो चर्चा पानावर येऊन विचारतो, की तळपदे यांच्या उड्डाणाची बातमी ‘केसरी’त आली होती असे आपण लिहिले आहे, तर ती कोणत्या तारखेच्या अंकात? याला उत्तर देऊ नये. त्याला देशाबद्दल काय वाटते ते विचारावे, तो टोपणनावाने लिहीत असेल तर आडनाव काढण्याचा प्रयत्न करावा, आणि तेही जमले नाही तर मेकॉलेला मध्ये आणावे. फक्त एक काळजी घ्यावी. ‘केसरी’ तेव्हा साप्ताहिक होता, म्हणजे त्या वर्षाचे अंक जेमतेम बावन्न. कोणीही एखाद्या जुन्या ग्रंथालयात जाऊन, नाकाला रुमाल बांधून, दोन दुपारींत ते चाळू शकतो. तळपदे यांनी खरोखर काय बांधले होते, कोणाच्या पैशाने आणि ते का अडले, हेही मग त्याला कुठेतरी सापडायचे, आणि धडपडणारा एक खराखुरा माणूस पानावर आला, तर आपल्या १,५०० फुटांसाठी जागा उरणार नाही. तो मुलगा शनिवारी ग्रंथालयात जाणार असल्याचे लिहून गेला आहे. आज गुरुवार आहे. तारखेबद्दलचा त्याचा प्रश्न जुन्या चर्चांच्या पानावर हलवावा आणि सारांशात काय लिहायचे, ते आता सांगायला नको.