"युरोपने सगळं गुंडाळलं" म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय. आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला, आणि परवा तळोजा एमआयडीसीतल्या ओळखीच्या एका बोल्टवाल्या शेठनी तोच मोबाइलवर दाखवून विचारलं, "मग आता ते जर्मनीवाल्या गिऱ्हाइकाचे कार्बनचे फॉर्म भरणं बंद करू ना?" मेसेजचं सार असं: अमेरिका हवामानाच्या पॅरिस करारातून बाहेर पडली, युरोपने स्वतःचेच नियम गुंडाळले आणि कार्बन टॅक्स ९० टक्के लोकांना माफ केला, मोठ्या बँकांची नेट झिरो आघाडी बंद पडली, आपल्याकडे तर असा कायदाच नाही आणि भारताने विजेचं टार्गेट पाच वर्षं आधीच पूर्ण केलंय, तेव्हा सस्टेनेबिलिटीचं दुकान बंद झालं, कंपन्यांनी त्या डिपार्टमेंटला टाळं लावावं. शेवटी हसणाऱ्या इमोजी.

यातली बरीच वाक्यं सुटी सुटी घेतली तर खरी आहेत, म्हणून तर ते पटतं. घोळ आहे तो त्यांची बेरीज करण्यात. मी एक्स्पोर्ट करणाऱ्या छोट्या युनिट्सचं कॉस्टिंग बघतो, मला त्यातून दिसतं ते एवढंच की गेल्या वर्षा-दीड वर्षात कमी झालं ते रिपोर्ट लिहिण्याचं काम, कार्बनला लागलेली किंमत काही कमी झाली नाही, आणि ती किंमत बीकेसीतल्या काचेच्या बिल्डिंगांच्या आधी तळोजा, वसई, रबाळेच्या गाळ्यांत पोचतेय.

युरोपवालं आधी घेतो, कारण तेच सगळ्यात महागात पडणारं आहे. फॉरवर्डवाल्याने दोन वेगळ्या गोष्टी एकात कालवल्यात. एक आहे सीएसआरडी, म्हणजे कंपन्यांनी पर्यावरणाबद्दल, कामगारांबद्दल वगैरे सविस्तर रिपोर्ट द्यायचा तो नियम. तो खरोखर ढिला झाला. २६ फेब्रुवारी २०२५ ला युरोपियन कमिशनने ऑम्निबस नावाचं पॅकेज आणलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये तडजोड होऊन ठरलं की हजारावर कामगार आणि ४५ कोटी युरोवर उलाढाल असेल त्यांनाच हा रिपोर्ट लागू. पुरवठादारांची तपासणी करायचा जो दुसरा कायदा होता, तो तर पाच हजार कामगार आणि दीड अब्ज युरो उलाढालीच्या वर नेऊन ठेवला आणि २०२९ पर्यंत ढकलला. ही माघारच आहे, तिला दुसरं काही म्हणण्यात अर्थ नाही.

पण बोल्टवाल्या शेठच्या कामाचं आहे ते सीबीएएम, बाहेरचा माल बनवताना जेवढा कार्बन हवेत गेला त्याची किंमत युरोपच्या सीमेवर घेणारं प्रकरण, आणि ते गुंडाळलेलं नाही, उलट १ जानेवारी २०२६ पासून खरंखुरं सुरू झालंय. ऑक्टोबर २०२३ ते डिसेंबर २०२५ नुसते आकडे कळवायचे दिवस होते, आता पैसे. सिमेंट, लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम, खतं, हायड्रोजन आणि वीज एवढ्यांना लागू आहे, आणि पोलादात नुसत्या कॉइल-प्लेटा नाहीत, नट-बोल्ट-स्क्रूसुद्धा येतात, हे अजून बऱ्याच जणांना माहीतच नाही. शाळेचा अर्ज चार पानांवरून एका पानावर आला म्हणून फी माफ होत नाही, तसंच हे.

मग ते "९० टक्के माफ" कुठून आलं? तर ऑम्निबसमध्ये असं ठरलं की वर्षाला ५० टनांपेक्षा कमी माल आणणाऱ्या इंपोर्टरला सूट. त्याने साधारण ९० टक्के इंपोर्टर सुटतात हे बरोबर. पण त्याच हिशेबात पुढचं वाक्य आहे की साधारण ९९ टक्के उत्सर्जन तरी जाळ्यात राहतंच, ते वाक्य फॉरवर्डमध्ये सोयीस्कर गायब. सुटले ते किरकोळ पार्सलवाले. बोल्टचा वीस फुटी कंटेनर भरला की वीस-एक टन होतात, म्हणजे तुमच्या जर्मन गिऱ्हाइकाने वर्षात तीन कंटेनर घेतले की तो ५० च्या वर गेला, आणि ते तीनही तुमच्याचकडचे असायला हवेत असं नाही, त्याने चीनकडून, तुर्कीकडून घेतलेलंही त्यातच मोजतात.

दुसरी एक थाप याला जोडूनच चालते, की २०२६ मध्ये फक्त अडीच टक्केच भरायचेत, काय फरक पडतो. अडीच टक्के हा आकडा खरा आहे पण अर्थ तो नाही. युरोपातल्या कारखान्यांना ठरावीक बेंचमार्कपर्यंत कार्बन सोडायचे परवाने फुकट मिळतात, ते आता कमी कमी होत २०३४ मध्ये शून्य होणार, आणि २०२६ मध्ये त्यातले अडीच टक्के कापलेत. बाहेरून येणाऱ्या मालालाही तेवढीच वजावट. पण वजावट बेंचमार्कची मिळते, त्याच्या वर जे काही असेल ते सगळं पहिल्या दिवसापासून पूर्ण मोजलं जातं. समजायला सोपे आकडे धरू: बेंचमार्क टनभर मालामागे १.४ टन कार्बन, तुमच्या मालाचं उत्सर्जन २.४ टन, कार्बनचा भाव टनाला ७५ युरो. वजावट १.४ मधून अडीच टक्के जाऊन १.३६५ ची, राहिले १.०३५, गुणिले ७५, म्हणजे टनामागे ७७-७८ युरो, रुपयांत आठ हजारांच्या आसपास. आणि आपलं पोलाद जगाच्या सरासरीपेक्षा जास्त कार्बनवालं आहे, पोलाद मंत्रालय स्वतःच आपली सरासरी टनाला अडीचच्या आसपास सांगतं. पैसे इंपोर्टर भरणार, तुम्ही नाही, मान्य. पण तो पुढच्या ऑर्डरच्या भावात ते कापून घेणार नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी युरोपियन पर्चेस मॅनेजरशी घासाघीस केलेली नाही.

आता फॉर्म न भरल्याने काय होतं ते बघा. तुमचे तपासलेले आकडे नसतील तर युरोपने ठरवलेले डिफॉल्ट आकडे लावतात आणि ते मुद्दाम चढे ठेवलेत, वर मार्क-अपही आहे. म्हणजे शेठनी फॉर्म बंद केला तर टॅक्स वाचत नाही, वाढतो.

आणि तो फॉर्म भरणं म्हणजे काय असतं तेही सांगतो. बोल्टच्या कारखान्यात स्वतःचा धूर फारसा नसतोच, हीट ट्रीटमेंटच्या भट्टीला लागणारा गॅस, बस. खरा कार्बन येतो तो वायर रॉडमधून, म्हणजे ज्या पोलादी सळीचे बोल्ट बनतात तिच्यातून, आणि रॉड घेतलेला असतो कळंबोलीच्या लोखंड बाजारातून. पर्चेसचा मुलगा व्यापाऱ्याला फोन लावतो, "शेठ, कार्बनचा आकडा पाहिजे," आणि पलीकडून व्हॉट्सअॅपवर टेस्ट सर्टिफिकेटचा फोटो येतो ज्यात हीट नंबरच्या पुढे लिहिलेलं असतं कार्बन ०.१८ टक्के. तो स्टीलमधला कार्बन, बापरे, भट्टीतून हवेत गेलेला नाही! मग मिल कुठली ते शोधा, कोळशावरच्या ब्लास्ट फर्नेसची की विजेवरच्या इंडक्शन फर्नेसची, मिलला मेल टाका, मिल म्हणते डीलरला विचारा. यात आठवडे जातात. ह्या कटकटीबद्दल फॉरवर्डवाला चिडला असता तर मी पहिली सही केली असती.

याच गडबडीचा फायदा घेऊन काही कन्सल्टंट "सीबीएएम सोल्युशन" म्हणून गाळ्याच्या पत्र्यावर सोलर विकतायत. सोलर लावा, वीजबिल वाचेल, पण पोलादाच्या मालाला सध्या सीबीएएममध्ये फक्त थेट उत्सर्जन मोजतात, विजेचं नाही, तेव्हा त्याने तुमच्या बोल्टवरचा एक युरोही कमी होत नाही.

आणि हो, भारत-युरोप व्यापार कराराच्या वाटाघाटी संपल्याचं २७ जानेवारी २०२६ ला जाहीर झालं, पण त्यात सीबीएएम माफ झालेलं नाही. ब्रिटनचं स्वतःचं असंच प्रकरण जानेवारी २०२७ पासून येतंय.

अमेरिकेचं थोडक्यात. २० जानेवारी २०२५ ला ट्रम्पनी पॅरिस सोडायचा आदेश काढला, बरोबर. याआधीही २०२० च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिका बाहेर पडली होती आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये परत आली, त्याच्याही आधी क्योटो करारात ती कधी धड आलीच नव्हती. त्यांच्या सेबीने, म्हणजे एसईसीने, कंपन्यांनी हवामानाचे धोके जाहीर करायचा नियम मार्च २०२४ मध्ये आणला आणि वर्षभरात त्याची बाजू मांडणंही सोडून दिलं. पण कॅलिफोर्नियाचा २०२३ चा कायदा आहे, एक अब्ज डॉलरवर उलाढाल असलेल्या आणि तिथे धंदा करणाऱ्या कंपन्यांनी उत्सर्जन जाहीर करायचं, सुरुवात २०२६ पासून. कोर्टात भांडणं चालू आहेत. आणि चीनने २०२५ मध्ये आपल्या कार्बन बाजारात पोलाद, सिमेंट, अॅल्युमिनियम आणलं, ते काही अमेरिकेला विचारून नाही आणलं.

बँकांचा मुद्दा मी जवळपास सोडूनच देतो. नेट झिरो बँकिंग अलायन्स, म्हणजे आपल्या कर्जांमागचं उत्सर्जन शून्यावर आणू म्हणणाऱ्या बँकांची आघाडी, त्यातून मोठ्या अमेरिकन बँका २०२४ च्या शेवटी आणि २०२५ च्या सुरुवातीला निघाल्या, जुलै २०२५ मध्ये एचएसबीसी गेली, ऑक्टोबरमध्ये दुकान बंद. ऐच्छिक होतं, फोटो काढण्यापुरतं होतं, माझ्या मते फार काही बिघडलं नाही. पण "आता कोणी विचारत नाही" हे चूक, कारण त्याच २०२५ च्या एप्रिलमध्ये जर्मनीत डीडब्ल्यूएस या डॉइश बँकेच्या फंड कंपनीला ग्रीन असल्याच्या खोट्या बढायांसाठी अडीच कोटी युरो दंड झाला. आपल्याकडेही ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ऑक्टोबर २०२४ च्या गाइडलाइन्स आहेत, पाकिटावर इको-फ्रेंडली छापायचं तर पुरावा ठेवा.

"भारतात कायदाच नाही." इथे मात्र फॉरवर्डवाल्याने पेपर वाचायलाच हवा होता. सेबीचं बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण-समाजाबद्दलचा वार्षिक रिपोर्ट, टॉप १००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून सक्तीचं आहे. त्यातला पुरवठादारांचा भाग सेबीने मार्च २०२५ मध्ये पुढे ढकलून ऐच्छिक केला हे खरं, आणि बरेचसे रिपोर्ट वाचवत नाहीत हेही खरं, झाडं लावतानाचे फोटोच जास्त. पण कायद्याचं वजन आहे ते कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीममध्ये. ८ ऑक्टोबर २०२५ ला केंद्राने अॅल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली (कॉस्टिक सोडा वगैरे) आणि कागद या चार क्षेत्रांतल्या २८२ युनिट्सना नाव घेऊन टार्गेट दिलं, टनामागे किती उत्सर्जन चालेल, २०२५-२६ साठी आणि २०२६-२७ साठी, पाया २०२३-२४ चा. टार्गेटपेक्षा चांगलं केलं तर सर्टिफिकेट मिळतं, विकता येतं, कमी पडलात तर विकत घ्या, नाही घेतलं तर सरासरी भावाच्या दुप्पट भरपाई. त्या पहिल्या यादीत पोलाद नव्हतं, पण स्कीमच्या क्षेत्रांत ते आहे. आणि इथे दिलेली कार्बनची किंमत सीबीएएममध्ये वजा मागता येते, म्हणजे पैसे ब्रसेल्सला जाण्याऐवजी दिल्लीला जाणं आपल्याच फायद्याचं.

राहिलं विजेच्या टार्गेटचं. २०२५ च्या मध्यात भारताची निम्मी वीजक्षमता कोळसा-गॅसशिवायची झाली, २०३० चं टार्गेट होतं, मोठी गोष्ट आहे, उगाच नाकं मुरडू नयेत. पण ती क्षमता, प्रत्यक्ष वीज नव्हे. सोलर रात्री चालत नाही, आणि देशातली बरीच जास्त वीज आजही कोळशाचीच आहे. दरडोई उत्सर्जन आपलं दोन टनांच्या आसपास, अमेरिकेचं त्याच्या सहा-सातपट, म्हणून आधी त्यांनी करावं हा मुद्दा शंभर टक्के रास्त आहे आणि आपलं सरकार तो मांडतंच. पण कस्टमवाला कंटेनर उघडताना दरडोई हिशेब विचारत नाही.

डिपार्टमेंटला टाळं लावायचं म्हणाल तर शेठकडे डिपार्टमेंट नाहीच, तो पर्चेसचा मुलगाच आहे. इंपोर्टरने घ्यायच्या सीबीएएमच्या सर्टिफिकेटांची विक्री फेब्रुवारी २०२७ पासून, पहिलं डिक्लरेशन ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत, पण ते २०२६ मध्ये गेलेल्या मालाचं, म्हणजे आकडे आत्ताच्या कंटेनरचे लागणार. तेव्हा रॉडच्या पुढच्या ऑर्डरमध्ये मिलचं नाव, भट्टीचा प्रकार आणि टनामागचं उत्सर्जन लेखी मागा, नाही दिलं तर दुसऱ्या मिलचा भाव काढा, एवढं शेठना सांगितलं.