‘ड्यूस’वरचे प्रेम उसने नाही

जुन्या मोटारींचा विषय निघाला की १९३२ च्या फोर्डबद्दल, म्हणजे ‘ड्यूस’बद्दल, एक मत हमखास ऐकू येते आणि ते इतक्या खात्रीने सांगितले जाते की नवख्याला ते खरेच वाटावे. मत असे: ही मुळात सामान्य कुटुंबाची साधी गाडी होती, १९६३ चे एक गाणे आणि १९७३ च्या चित्रपटातली पिवळी कूप (दोन दारांची, पक्क्या छताची गाडी) यांनी तिला मोठे केले, हॉट रॉडवाल्या, म्हणजे जुन्या गाड्या वेगासाठी बदलून घेणाऱ्या, पोरांनी ती उचलली ती केवळ भंगारात स्वस्त मिळे म्हणून, आज दिसतात त्यांतल्या बहुतेक नकली आहेत, आणि ज्या अस्सल होत्या त्या या हौशी मंडळींनी कापून वाया घालवल्या. यातला प्रत्येक मुद्दा तपासून पाहण्यासारखा आहे, कारण प्रत्येकात थोडे तथ्य आहे आणि निष्कर्ष मात्र चुकलेला आहे.

गाण्या-चित्रपटाचा मुद्दा तारखांपुढे टिकत नाही. दक्षिण कॅलिफोर्नियातील म्युरॉकसारख्या सुकलेल्या तळ्यांच्या सपाट मातीवर तरुण मुले मडगार्ड काढलेल्या गाड्या पळवत होती ती १९३० च्या दशकात. या शर्यतींना शिस्त लावणारी संघटना, एससीटीए (सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन), १९३७ मध्ये स्थापन झाली आणि तिनेच १९४९ पासून युटा राज्यातील बॉनेव्हिलच्या मिठागरावर वेगाचे मेळावे भरवले. पुढे सुट्या भागांच्या धंद्यात ज्यांचे नाव झाले त्या व्हिक एडलब्रॉक यांची प्रयोगशाळा म्हणजे त्यांची स्वतःची १९३२ ची रोडस्टर, म्हणजे पक्के छत नसलेली गाडीच होती. गाण्यात ज्या टोपणनावाने ही गाडी येते ते ‘ड्यूस’, म्हणजे पत्त्यांतली दुर्री, बत्तीसमधल्या दोनावरून पडलेले नाव आहे. गीतकाराने ते रस्त्यावरून उचलले.

स्वस्त होती, हे मात्र मान्य केलेच पाहिजे. पण १९४० च्या सुमारास त्याच भंगारात त्याच वयाच्या शेवरोले आणि प्लिमथही पडून होत्या. मग पोरांचे हात फोर्डकडेच का वळले? एक कारण अगदी साधे आहे. त्या काळच्या शेवरोलेचा पत्रा लाकडी सांगाड्यावर ठोकलेला असे. लाकूड कुजले की दारे लोंबू लागत. फोर्डच्या रोडस्टरचा सांगाडा मुख्यतः पोलादाचा होता, त्यामुळे उन्हापावसात वर्षानुवर्षे पडून राहिली तरी ती पुन्हा उभी करता येई.

दुसरे कारण इंजिनाचे, आणि येथे चाहत्यांचीही एक चूक दुरुस्त करायला हवी. व्ही आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरचे व्ही-एट इंजिन फोर्डने सर्वप्रथम बनवले, असे ते सांगतात. ते खरे नाही. कॅडिलॅकने १९१४ मध्येच तसे इंजिन बाजारात आणले होते. फोर्डने १९३२ मध्ये साधले ते असे, की सिलिंडरांचा संपूर्ण ठोकळा, म्हणजे ब्लॉक, एकाच ओतकामात काढून सुमारे ३.६ लिटरचे, ६५ अश्वशक्तीचे इंजिन साध्या ग्राहकाला परवडेल अशा किमतीत दिले. ते निर्दोष मुळीच नव्हते. सुरुवातीची इंजिने तापत आणि तेल पीत. ब्लॉकच्या बाजूने पाहिले तर एक अडचण लगेच नजरेत भरते: एका बाजूला सिलिंडर चार, पण जळलेला वायू बाहेर पडण्याची तोंडे तीनच, कारण मधल्या दोघांना मिळून एकच वाट आहे, आणि तो तापलेला वायू पाण्याच्या कप्प्यांमधून ब्लॉक ओलांडून बाहेर येतो. अशा ठिकाणी हात घालायला वाव होता. वाटा घासून रुंद करायच्या, वर ॲल्युमिनियमची हेड (सिलिंडरांवरची झाकणे) बसवायची, एकाऐवजी दोन कार्बुरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारे भाग) लावायचे आणि पुढच्या रविवारी तळ्यावर जाऊन किती फरक पडला ते पाहायचे. घरच्या गॅरेजमध्ये, मोजक्या पान्यांनिशी करता येईल असे हे काम होते.

तरीही इंजिन पुरेसे कारण नाही, कारण तेच इंजिन १९३३ च्या गाडीतही होते. माझ्या मते खरे उत्तर दाराखाली आहे. आधीच्या मॉडेल ए गाडीत चासीचा, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याचा, दांडा पत्र्याच्या पट्टीमागे झाकलेला असे. १९३२ मध्ये तोच दांडा बाहेरून दिसणारा ठेवला आणि त्याच्या लांबीभर एक उठावाची रेघ दाबून काढली. त्यामुळे मडगार्ड आणि पायपट्टी काढून टाकली तरी गाडी उघडी-बोडकी वाटत नाही. जाळीपासून मागच्या टाकीपर्यंत नजर कोठेही न अडता सरकते. पुढच्याच वर्षी पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमधले अंतर १०६ वरून ११२ इंचांवर गेले आणि ही ठेवण संपली. एकाच वर्षापुरती मिळालेली ही बांधणी आहे, आणि जो एकदा गुडघे टेकून ती रेघ पाहतो त्याला पुढचे समजावून सांगावे लागत नाही.

नकलीचा आक्षेप थोडक्यात निकालात काढता येतो. फायबरग्लासच्या आणि नव्या पोलादाच्या बॉड्या बनतात, ही गोष्ट कोणी लपवलेली नाही. ओहायोतील ब्रुकव्हिल या कारखान्यात आजही नव्या पत्र्यावर १९३२ च्या रोडस्टरचे वळण दाबले जाते. साचे बनवणे फार खर्चाचे काम असते. ज्या गाडीवर कोणाचा जीव नाही तिच्यासाठी तो खर्च कोणी करत नाही. शिवाय नवी बॉडी मिळते म्हणूनच जुनी अस्सल बॉडी करवतीखाली जायची वाचते.

राहिला वारसा नष्ट केल्याचा आरोप. काही गाड्या बिघडवल्या गेल्या, त्याचे वाईट मलाही वाटते. परंतु त्यांतल्या कितीतरी गाड्या कोणी कापल्या नसत्या तर भट्टीत वितळल्या असत्या, आणि ज्या कुशल हातांनी बदलल्या त्यांना आता स्वतःचा इतिहास आहे. कॅलिफोर्नियातील पेबल बीचच्या प्रतिष्ठित प्रदर्शनाने १९९७ मध्ये हॉट रॉडसाठी प्रथमच स्वतंत्र वर्ग ठेवला. त्या वर्गात पहिली आली डोन स्पेन्सर यांनी १९४० च्या दशकात घडवलेली काळी रोडस्टर, १९३२ चीच, मधोमध दुभंगलेल्या, मागे कललेल्या काचेसह, जी फोर्डच्या कारखान्यात कधीच बसवली गेली नव्हती.